माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेट: डीव्हीडीचा विचार सगळ्यात शेवटी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत १४ व्हिडिओ कॅसेट निघाल्या. सगळ्यात जुनी १९८९ च्या लग्नाची, सगळ्यात नवी २००३ ची. तिनांवर आत पांढरं काहीतरी दिसतंय, एक बहिणीने अमेरिकेहून पाठवलेली आहे आणि दोन अगदी छोट्या आहेत. वडिलांच्या पंचाहत्तरीला सगळं डीव्हीडीवर करून द्यायचं आहे. घरात व्हीसीआर नाही. कॅसेट संगणकात उतरवायचं यूएसबीचं यंत्र ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतं, ते घ्यावं की सरळ दुकानात द्यावं?

मी सांगलीत आधी लग्नाचं शूटिंग करायचो. आता गेली काही वर्षं लोकांच्या जुन्या कॅसेट उतरवून देतो. त्यातल्या काही मीच शूट केलेल्या असतात. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा डीव्हीडीचं विचारतो: कुठली घेऊ, किती मावेल, किती वर्षं टिकेल. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते शेवटचे आहेत. कॅसेटचं नुकसान बहुतेक वेळा घरातच, पहिल्या दोन मिनिटांत होतं. पेटी उघडते, सगळे जमतात, कुणीतरी शेजाऱ्यांकडचा दहा वर्षं बंद असलेला व्हीसीआर आणतं आणि लग्नाचीच कॅसेट आत ढकलतं. मशिन घरघरतं, फीत आत गुंडाळते, मग कुणीतरी ती ओढून काढतं. चुरगळलेली फीत पुन्हा कधीच पहिल्यासारखी होत नाही. तेव्हा पहिली विनंती ही की अजून काहीच चालवून बघितलं नसेल तर बघू नका.

आज संध्याकाळी एवढंच करा. प्रत्येक मोठ्या कॅसेटच्या पाठीच्या कडेला एक छोटा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा असतो. तो शाबूत असेल तर तोडून टाका. तो तुटला की त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होत नाही. तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली दिसली तर काढा, कारण ती पट्टी म्हणजे कुणीतरी पूर्वी त्यावर पुन्हा रेकॉर्ड करायची सोय केल्याची खूण आहे. बारशाच्या मधोमध अचानक मालिकेचा अर्धा भाग सुरू होतो, अशा कॅसेट मी खूप पाहिल्या आहेत. मग प्रत्येकीला नंबर द्या, लेबलचा आणि खोक्याचा फोटो काढा. खोक्यावर ‘मुंज’ आणि कॅसेटवर ‘गणपती’ असं असतंच. दोन्ही टिपून ठेवा.

आता ते पांढरं. ती बुरशी आहे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत बंद पेटीत ती धरणारच. कॅसेटच्या बाजूची बारीक कळ दाबली की पुढचं झाकण उचलता येतं. तिथून फीत बघा, आणि वरच्या खिडकीतून रिळाची कड बघा. चांगल्या रिळाची कड काळी, गुळगुळीत, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी दिसते. बुरशी असेल तर तिच्यावर पिठाची बोटं उमटल्यासारखे पांढरे डाग किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. अशी कॅसेट मशिनमध्ये घातली तर दोन गोष्टी होतात. बुरशीने चिकटलेले फेर सुटताना फीत फाटते, आणि ती पूड मशिनच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, बसून नंतरच्या प्रत्येक कॅसेटला लागते. म्हणून त्या तीन कॅसेट आत्ताच वेगळ्या पिशवीत घाला आणि त्यांना शेवटचा नंबर द्या.

घरी करता येण्यासारखं काम एवढंच, की या तीन कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे ठेवा. उन्हात नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. वाळलेली बुरशी निपचित पडते आणि झटकली जाते. ओली असताना पुसायला गेलात तर फिसकटते. पुढचं काम गच्चीवर, तोंडाला चांगला मास्क लावून करायचं असतं. कॅसेटच्या पोटाकडचे पाच स्क्रू काढायचे, ती पालथी न घालता वरचं झाकण उचलायचं, आतल्या स्प्रिंगा आणि रोलर कुठे आहेत त्याचा फोटो काढायचा, मग मऊ ब्रशने रिळाच्या कडा साफ करून फीत हाताने सावकाश दुसऱ्या रिळावर घ्यायची आणि घेताना सुती नव्हे, धागे न सोडणाऱ्या कापडातून ओढायची. शेवटी रिळं एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटच्या स्वच्छ डब्यात बसवायची. वाचायला सोपं वाटतं. पहिल्यांदा करणाऱ्याने लग्नाच्या कॅसेटवर करू नये. या तीन कॅसेट जाणकाराकडेच द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाता जाता पुराचं सांगतो, कारण कृष्णाकाठचे लोकही हे वाचतील. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर माझ्याकडे कॅसेटच्या पिशव्या आल्या. ज्यांनी घाईघाईने उन्हात वाळवल्या, त्यांच्या फितीवर गाळ सिमेंटसारखा बसला होता. ज्या घरात कुणाला वेळच मिळाला नाही आणि कॅसेट स्वच्छ पाण्याच्या बादलीत तशाच राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच वाचल्या. उलटं वाटतं, पण चिखलाने भिजलेली फीत वाळू द्यायची नसते. ओली ठेवायची, डिस्टिल्ड पाण्याने धुवायची आणि मग पंख्याच्या साध्या हवेवर सुकवायची.

उरलेल्यांसाठी मशिन लागेल. व्हीएचएसचे, म्हणजे नेहमीच्या मोठ्या कॅसेटचे, नवे व्हीसीआर आता मिळत नाहीत; जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत शेवटचं उत्पादन थांबवलं. म्हणजे जे मिळेल ते जुनंच. जुन्या बाजारातून घेताना नुसता दिवा लागतोय म्हणून पैसे देऊ नका. एखादी टाकाऊ कॅसेट बरोबर न्या, चालवा, पुढे-मागे पळवा, बाहेर काढा आणि फितीच्या कडेला सुरकुती किंवा ओरखडा पडलाय का ते बघा. बरीच वर्षं बंद पडलेल्या मशिनचा बेल्ट सैल झालेला असतो, रबरी रोलर कडक झालेला असतो. शक्य असेल तर चार हेडचा आणि हाय-फाय लिहिलेला व्हीसीआर बघा. हाय-फायचं महत्त्व पुढे सांगतो.

हेड साफ करण्याबद्दल एक कळकळीची सूचना. आपल्याकडे पूर्वी कोरी नोट पेट्रोलमध्ये बुडवून हेड पुसायचे. ते दिवस वेगळे होते, हेड बदलून मिळायचं. आता प्लग काढून वरचं झाकण उघडा. चकचकीत गोल ढोल दिसेल. स्वच्छ पांढऱ्या कागदाची किंवा शामी लेदरची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ढोलाच्या अंगाला आडवी, अलगद धरा. पट्टी हलवायची नाही. दुसऱ्या हाताच्या बोटाने ढोल वरून धरून सावकाश फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचं टोक तुटतं. कान साफ करायच्या काड्या ढोलाला लावू नका, कापसाचा धागा अडकून हेड उखडतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत हा ढोल सेकंदाला २५ फेरे घेतो. कचऱ्याचा एक कण काय करू शकेल याचा अंदाज यावा.

दोन छोट्या कॅसेटचं आधी माप घ्या. साधारण साडेनऊ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर जाड असेल तर ती ८ मिलिमीटरची, व्हिडिओ-८ किंवा हाय-८. तेवढीच लांब पण सव्वादोन सेंटिमीटर जाड असेल तर व्हीएचएस-सी. साडेसहा सेंटिमीटरची, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असेल तर मिनी-डीव्ही. २००३ ची बहुधा हीच असेल. व्हीएचएस-सीला मोठ्या कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, आत घातली की साध्या व्हीसीआरवर चालते. ८ मिलिमीटरसाठी असा अ‍ॅडॉप्टर नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका; तिची फीतच वेगळ्या रुंदीची आहे. तिला कॅमेराच लागतो, आणि ज्या कॅमेऱ्याने शूट केलं तोच मिळाला तर उत्तम. घरातला जुना हँडीकॅम भंगारात देण्याआधी हे लक्षात असू द्या.

मिनी-डीव्ही मात्र वेगळ्या जातीची. तिच्यावर चित्र आधीच डिजिटल स्वरूपात असतं, म्हणून ती ‘उतरवायची’ नसते, जशीच्या तशी ‘आणायची’ असते. त्यासाठी कॅमेऱ्याची फायरवायर वायर आणि तशी जागा असलेला जुना संगणक लागतो. तासाला साधारण १३ जीबी होतात. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने काढलीत तर चांगला ऊस मोडून गुऱ्हाळाऐवजी पाटा-वरवंट्यावर रस काढल्यासारखं होईल. बऱ्याच कॅमेऱ्यांना यूएसबीची जागाही असते. तिच्यातून पूर्ण दर्जाचं चित्र येत नाही, ती मुख्यतः फोटोंसाठी दिलेली असते.

बहिणीने पाठवलेली कॅसेट अमेरिकेतली, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीची असणार: ५२५ ओळी, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. आपली पद्धत पाल: ६२५ ओळी, २५ चित्रं. आपल्याकडच्या पुष्कळ व्हीसीआरवर ‘एनटीएससी चालतं’ असं लिहिलेलं असतं आणि टीव्हीवर ते दिसतंही. पण ते मशिन टीव्हीला फसवणारा एक अर्धवट सिग्नल देतं. टीव्ही तो चालवून घेतो. संगणकाला जोडायचं यंत्र घेत नाही, चित्र काळं-पांढरं येतं किंवा वरखाली पळतं. लोक समजतात कॅसेट खराब. कॅसेट ठणठणीत असते. तिला खरा एनटीएससी सिग्नल देणारा व्हीसीआर लागतो. बहीण अजून तिकडेच असेल तर तिथेच उतरवून फाइल पाठवायला सांगणं सगळ्यात सोपं, फक्त त्यासाठी कॅसेट विश्वासातल्या माणसाबरोबर पाठवा.

आता हाय-फाय. त्या काळच्या लग्नाच्या कॅसेट आठवा: बदामाच्या आकारात नवरानवरी, कोपऱ्यातून फिरत येणारं गुलाबाचं फूल आणि अक्षतांपासून पाठवणीपर्यंत सिनेमाची गाणी. आम्हीच टाकायचो, गिऱ्हाइकांना तेच हवं असायचं. त्या गाण्यांखाली मंगलाष्टकं गेली, उखाणे गेले, माणसांचे आवाज गेले. पण नेहमीच नाही. व्हीएचएसच्या फितीवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक साधा, फितीच्या कडेला लांबट पट्ट्यात. दुसरा हाय-फाय, फिरत्या ढोलावरच्या हेडने चित्राच्याच जागी, चित्राच्या खालच्या थरात लिहिलेला. नंतर वरून गाणी भरली तर ती फक्त कडेच्या पट्ट्यात बसतात. खालच्या थरातला आवाज चित्र पुसल्याशिवाय पुसताच येत नाही.

मिरजेचं एक कुटुंब साखरपुड्याची कॅसेट घेऊन आलं होतं. घरातला व्हीसीआर साधा, त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांनी फक्त गाणी ऐकलेली. माझ्या हाय-फाय मशिनवर लावली तर गाणी गायब आणि भांड्यांचा आवाज, पोरांची रडारड, आणि मागून एक म्हातारा खणखणीत आवाज: “अगं, ताटं मोजलीस का?” कॅसेट घेऊन आलेल्या बाई खुर्चीवरून उठल्याच. त्यांची आजी. पुढची दहा मिनिटं मी कॅसेट थांबवली नाही आणि त्याही काही बोलल्या नाहीत. तुमच्या प्रत्येक कॅसेटवर असं असेलच असं नाही. कॉपीवरून कॉपी केलेली असेल तर सहसा काही मिळत नाही. पण हाय-फाय व्हीसीआरवर आवाजाची निवड बदलून दोन्ही पट्ट्या ऐकल्याशिवाय उतरवणं पुरं झालं असं मी मानत नाही. दुसरं काम घरच्यांचं: ज्यांनी शूट केलं ते व्हिडिओवाले अजून गावात असतील तर मूळ, न जोडलेल्या कॅसेट आहेत का ते विचारा. काहींनी पोत्यात भरून ठेवल्या आहेत.

यूएसबीचं स्वस्त यंत्र घ्यावं का? जुनी फीत थरथरते, चित्राच्या ओळी वेळेवर पोचत नाहीत. जुना टीव्ही ते पोटात घालायचा. स्वस्त यंत्र गोंधळतं, मधली चित्रं गाळतं, आणि तासाभरात ओठ आणि आवाज यांची फारकत होते. यावर उपाय म्हणजे ओळी पुन्हा वेळेवर बसवणारं उपकरण, ज्याला टीबीसी म्हणतात. काही चांगल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा वरच्या दर्जाचा प्रकार) व्हीसीआरमध्ये ते आतच असतं. ते नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये जोडून पाहा. पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ हे मॉडेल या कामासाठी आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहेत. एवढं जमत नसेल तर स्वस्त यंत्र गणपतीच्या वर्गणीच्या कार्यक्रमाला चालेल, लग्नाला नको.

काढताना फाइल कसलीही काटछाट न होणाऱ्या प्रकारात काढा. एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्ही अशी त्या प्रकारांची नावं. तासाला साधारण २५ ते ३५ जीबी लागतात. आपल्या पाल कॅसेटना ७२० बाय ५७६, २५ चित्रं, जसंच्या तसं. ही झाली तुमची मूळ प्रत. बघायच्या प्रती तिच्यापासून करा: हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात त्या बघायच्या प्रतीत काढायच्या, मूळ प्रतीत नाही. चित्र चारास तीन या मापाचंच ठेवा. रुंद टीव्ही भरावा म्हणून ताणलं की घरातल्या सगळ्या काकू रुंद होतात. आणि एआयने चेहरे ‘स्वच्छ’ करून देणाऱ्यांपासून दूर राहा. व्हीएचएसमध्ये जे तपशील नव्हतेच ते कुठून येणार? तो अंदाजाने भरतो आणि कुणा दुसऱ्याचीच आजी तुमच्या आजीच्या लुगड्यात उभी करतो.

आणखी एक सवय लावा. पडद्यावर मुंग्या आल्या की लोक थांबवतात. थांबवू नका, कॅसेट शेवटापर्यंत जाऊ द्या. दहा-दहा मिनिटांच्या मुंग्यांनंतर कुणाचा तरी पहिला वाढदिवस निघालेला मी पाहिला आहे.

आता डीव्हीडी. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. एक तास उत्तम, दोन तास ठीक, तीन तासांची कॅसेट एकीवर कोंबली तर मुंग्यांचं आणि अक्षतांचं डबडं होतं, कारण असं सतत बदलणारं चित्र दाबणं यंत्राला सगळ्यात जड जातं. तीन तासांना दोन डिस्क करा. लिहिलेल्या साध्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा तो उडवते. नवरा-नवरीच्या फोटोचे गोल स्टिकर चिकटवू नका, डिस्क डुगडुगते आणि गोंद सुटतो. नाव मधल्या पारदर्शक गोलावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी यासाठी वापरू नका. टिकवायचंच असेल तर एम-डिस्क घ्या. तिच्यात रंगाऐवजी दगडासारखा निर्जीव थर असतो. कंपनीने हजार वर्षांचा दावा केला होता. तो तपासायला मी नसेन, पण साध्या डिस्कपेक्षा ती खचितच मजबूत आहे. लिहायला तिला चालणारा रायटर लागतो, वाचायला साधा चालतो.

पण हेही बघा की नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. तेव्हा वडिलांच्या हातात डीव्हीडी द्या, त्यांना तिचं मोल आहे, त्यांच्याकडे प्लेअरही असेल. मूळ फायली मात्र दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे, आणि दिवाळीच्या साफसफाईला दोन्ही जोडून फायली उघडतात का ते बघा. कॅसेट फेकू नका. कोरड्या कपाटात, उभ्या, पूर्ण मागे गुंडाळून ठेवा. उद्या जास्त चांगलं मशिन मिळालं तर पुन्हा काढता येईल. मी स्वतः दहा वर्षांपूर्वी काढून दिलेल्या काही कॅसेट आता पुन्हा, आणि चांगल्या, काढल्या आहेत.

दुकानात देणार असाल तर दर विचारण्याआधी हे विचारा: काटछाट न झालेली फाइल देता का, बुरशी दिसली तर चालवण्याआधी फोन करता का, हाय-फाय मशिन आहे का. “डीव्हीडीच देतो, फाइल कशाला?” असं उत्तर आलं तर पिशवी घेऊन परत या. एका ठिकाणी माझ्या मेहुण्याच्या कॅसेट व्हिडिओ सीडीवर उतरवून मूळ कॅसेट ‘जागा नाही’ म्हणून टाकून दिल्या होत्या. व्हिडिओ सीडीचं चित्र ३५२ बाय २८८. आता तेवढंच उरलंय.

वेळेचा हिशोब धरा. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, घाई करता येत नाही. सुरुवात लग्नापासून करू नका. ज्याचं काही झालं तरी जेवण गोड लागेल अशी कॅसेट आधी घ्या. आणि लग्नाची कॅसेट उतरेल त्या दिवशी वडिलांना शेजारी बसवा, मोबाइल आवाजाच्या रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवा. पंगतीत वाढणारा तो धोतरवाला माणूस कोण, हे आज त्यांनाच माहीत आहे.